थई जशे!

सुरतेत पैसे बुडत नाहीत. ते फक्त येत नाहीत. हा फरक कळायला उघराणीची नोकरी करावी लागते, आणि ती मी करतो. उधन्यातल्या एका लूमच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो आणि दर मंगळवारी बिलांची पिशवी घेऊन रिंग रोडवरच्या मार्केटांत फिरतो. आमचं ग्रे कापड ज्यांनी नेलं, रंगवलं, छापलं, त्याच्या साड्या करून पार पाटण्यापर्यंत विकल्या आणि ज्यांचं आमचे पैसे द्यायचं तेवढं राहून गेलं, अशा सद्‌गृहस्थांच्या गादीवर मी जाऊन बसतो. आजवर मला तिथे कुणीही "पैसे देत नाही" असं म्हटलेलं नाही. इतका उद्धट माणूस कापडबाजारात टिकायचाच नाही. तिथे म्हणतात, "आवो आवो, बेसो! चा पीवो. पेमेंट? थई जशे." म्हणजे, होऊन जाईल.

अशाच एका मंगळवारी सात-आठ चहा पिऊन आणि शून्य रुपये घेऊन मी घरी आलो. चेहरा बघून भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही टेन्शन फार घेता. एखादा गेम खेळत जा."

हा भाचा नंदुरबारहून इंजिनीअरिंग शिकायला आमच्याकडे आलेला आहे. तो काय शिकतो ते मला कळलेलं नाही, पण पोकेमॉन खेळतो हे घरात सगळ्यांना कळतं, कारण हरला की तो जेवत नाही. त्याने माझ्या मोबाईलवर ते झुंजीचं दुकान उघडून दिलं. खेळ सोपा आहे. तुमचे सहा राक्षस, समोरच्याचे सहा. दर पाळीला दोघांनी एकेक डाव निवडायचा. ज्याचे सहाही आडवे झाले तो हरला. समोरचा माणूस जगात कुठेही बसलेला असू शकतो, आणि तो कोण आहे हे कळत नाही. उघराणीत नेमकं उलटं आहे. कोण आहे ते कळतं, फक्त तो कुठे बसलाय ते कळत नाही.

मी राक्षस निवडले ते तोंडाकडे बघून. आग ओकणारा चारिझार्ड घेतला. कायम कुणावर तरी खवळलेला गॅराडॉस घेतला. ड्रॅगनाइट घेतला, कारण नावातच ड्रॅगन होता. उरलेले तिघेही दात दाखवणारे. भाच्याने यादी पाहिली.

"मामा, यात मार खाणारा कोण?"

"आपण मार खायला खेळतोय का?"

"आणि बरं करणारा?"

"आपण खानदेशी माणसं. दवाखाना नंतर."

पहिल्याच झुंजीत समोरून आली ब्लिसी. गुलाबी, गोलमटोल, पोटाच्या पिशवीत एक अंडं आणि चेहऱ्यावर अखंड आशीर्वाद. मला वाटलं, समोरच्याने चुकून घरातल्या लहान मुलीचा राक्षस पाठवला. मी चारिझार्डकडून आग ओतली. ब्लिसीला थोडं गरम झाल्यासारखं वाटलं. मग तिने त्या अंड्यातलं काहीतरी खाल्लं आणि पुन्हा ठणठणीत झाली. त्या डावाचं नाव सॉफ्ट-बॉइल्ड. तिच्या एचपीचा, म्हणजे आयुष्याचा, मूळ आकडा २५५ आहे आणि खेळाडूंच्या हाती लागणाऱ्या राक्षसांत याहून मोठा कुणाचा नाही, ही माहिती भाच्याने मला माझे चार राक्षस मेल्यावर दिली.

(अंड्यावरून आठवलं. याच राज्यात २०१६ साली पोकेमॉन गोच्या विरोधात हायकोर्टात जनहित याचिका गेली होती. खेळातली अंडी देवळांत आणि जैन देरासरांत सापडतात, भावना दुखावतात, अशी तक्रार होती, आणि कोर्टाने कंपनीला नोटीस काढली. मोबाईलमधल्या अंड्याला नोटीस जाते आणि आमच्या सव्वा वर्षापूर्वीच्या बिलाला साधं उत्तर येत नाही.)

बरं, आगीने भागेना म्हणून मी गॅराडॉसला दातओठ खात पुढे केलं. अंगबळाने मारलेल्या फटक्यापुढे ही ब्लिसी अगदी दुबळी असते, हे भाचा कानात सांगत होता. पण फटका बसायच्या आत बाई आत गेल्या आणि त्यांच्या जागी एक पोलादी पक्षी येऊन उभा राहिला: स्कार्मरी. त्याला अंगबळाचं काही वाटत नाही. म्हणजे आग लावली की ब्लिसी येणार, ठोसा मारला की स्कार्मरी येणार. ही जोडी १९९९ सालच्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांपासून लोकांचा असाच छळ करते आहे. मला ती त्याच्याही आधीपासून माहीत होती. "चेक मोठे शेठ सही करतात" असं धाकटे शेठ सांगतात, आणि "हिशेब धाकटा बघतो" असं मोठे शेठ सांगतात. दोघे एका वेळी गादीवर कधी दिसत नाहीत.

मग आला टॉक्सापेक्स. समुद्रतळाशी राहणारा काटेरी प्रकार. त्याने माझ्या ड्रॅगनाइटला विष दिलं. हे टॉक्सिक विष पहिल्या पाळीला आयुष्याचा सोळावा हिस्सा खातं, दुसऱ्या पाळीला दोन हिस्से, तिसऱ्या पाळीला तीन. म्हणजे आमच्या बिलाच्या तळाशी उशिरासाठी जे व्याज छापलेलं असतं आणि जे सुरतेच्या इतिहासात कुणी कुणाला दिलेलं नाही, ते इथे रोख वसूल होतं! विष दिल्यावर टॉक्सापेक्स स्वतः काहीच करत नाही. बचावाची ढाल धरतो, पुढच्या पाळीला स्वतःला बरं करतो, पुन्हा ढाल. फारच वाटलं तर मागे जातो, आणि नुसतं मागे गेल्याबद्दल त्याला एक तृतीयांश आयुष्य परत मिळतं. नुसतं केबिनमध्ये जाऊन आल्याबद्दल!

शेवटी मी चिडून दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने खेळलो. या वेळी ड्रॅगनाइटकडून आधी नाच करवून घेतला. ड्रॅगन डान्स केला की ताकद वाढते, चपळाई वाढते. तीनदा नाचवला. आता एका फटक्यात काहीही फुटेल अशी परिस्थिती आणली. समोरून डोन्डोझो नावाचा भलामोठा मासा आला आणि माझा फटका खाऊन तसाच सुस्त पडून राहिला.

"असं कसं?" मी ओरडलो.

"त्याची अनअवेअर ॲबिलिटी आहे, मामा. तुम्ही किती ताकद वाढवलीत ते त्याला माहीतच नसतं."

मी मोबाईल खाली ठेवला. त्याच्या आदल्याच महिन्यात आमच्या मालकांनी मला नवा शर्ट घालून, वकिलाचं पत्र घेऊन, आवाज चढवायची तालीम करवून एका गादीवर पाठवलं होतं. शेठनी पत्र घेतलं, त्यावर डबा ठेवला, ढोकळा काढला आणि विचारलं, "घरे बधा मजामां?"

"हा अन्याय आहे," मी भाच्याला म्हणालो. "असे रडीचे डाव खेळणाऱ्यांना काढून टाकायला हवं."

"नियमात बसतं, मामा. याला स्टॉल म्हणतात. आणि ते काही ओव्हरपॉवर्ड नाही. तुमची टीमच फालतू आहे."

इथून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो पुढे स्वयंपाकघरापर्यंत गेला. माझं म्हणणं असं की जो मारत नाही त्याला जिंकायचा हक्क नाही. भाच्याचं म्हणणं असं की सहा मारके घेऊन जाणं हा डाव नाही, तो राग आहे. स्टॉलवाल्याला समोरचा काय करील हे दर पाळीला ओळखावं लागतं, एक अंदाज चुकला की किल्ला ढासळतो. शिवाय त्याच्यावर औषधं आहेत. टाँट नावाचा डाव मारला की समोरच्याला तीन पाळ्या बरं होणं, ढाल धरणं, विष देणं, सगळं बंद. फक्त हल्ला करता येतो. मला हा डाव ऐकून भरून आलं. मार्केटात पाऊल ठेवताच एक टाँट मारायचा, आणि मग तीन पाळ्या शेठला चहा मागवता येणार नाही, फोन घेता येणार नाही, मुनीम गावाला गेल्याचं सांगता येणार नाही. हात जाईल तो फक्त चेकबुकाकडेच.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "मग आधी मी तुम्हाला मारते तो टाँट. न्हाणीघरातला नळ दिवाळीपासून गळतोय."

"होऊन जाईल," मी म्हणालो.

भाच्याने तेव्हा मला स्लोब्रोची गोष्ट सांगितली. ब्लॅक आणि व्हाइट हे खेळ २०१० साली निघाले. त्यांत कुण्या महाभागाने स्लोब्रो या मठ्ठ राक्षसाला चार डाव शिकवले. पहिल्या डावाने समोरच्याला मैदानातून जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्याने स्वतः बरं व्हायचं. तिसऱ्याने आपण खाल्लेलं फळ पुन्हा मिळवायचं, म्हणजे एरवी ठरावीक वेळाच वापरता येणारे आपले डाव कधी संपणार नाहीत. आणि चौथा डाव हील पल्स. त्याने समोरच्याला बरं करायचं! शत्रूला. कारण शत्रूचे डाव संपले की तो स्वतःचंच डोकं आपटून मरू शकतो, आणि तो मेला तर खेळ संपेल. खेळ संपणं स्लोब्रोला मान्य नाही. समोरचा वैतागून उठून जाईपर्यंत त्याला मरू द्यायचं नाही, एवढाच कार्यक्रम. शेवटी ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या पंचांना न संपणाऱ्या झुंजीवर बंदी घालणारा वेगळा नियम करावा लागला.

मी बराच वेळ बोललो नाही. इतकी वर्षं मी जो चहा पीत होतो, तो हील पल्स होता. उन्हातून आलेला, तिसरा मजला चढून थकलेला उघराणीवाला आता भांडणार, आता रडणार, असा क्षण आला की शेठ बोटाने खूण करतात आणि पोरगा कटिंग आणून ठेवतो. माणूस ताजातवाना होतो. पुन्हा तासभर बसायच्या लायकीचा होतो.

आता खरं सांगायचं तर आपण मराठी माणसांनी स्टॉलच्या नावाने बोटं मोडणं शोभत नाही. माझे वडील धुळ्याला गिरणीत होते. त्यांच्या देवघरात देव होते आणि देवघराबाहेर बापू नाडकर्णी होते. नाशिकचा माणूस. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्याने लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. एकूण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. बळी? शून्य. वडील हा आकडा असा सांगत, जसा दुसरा कुणी मुलाचा पगार सांगेल. तो सामना अनिर्णित राहिला, आणि नुसता तोच नव्हे, त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. वडिलांच्या मते ते क्रिकेटचं सुवर्णयुग होतं. पुढे १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ केल्या आणि गावसकर १७४ चेंडू खेळून ३६ वर नाबाद राहिला. देश हळहळला. वडील म्हणाले, "आउट झाला का? नाही ना? मग?"

ब्लिसीला हे घराणं मान्य झालं असतं.

दुसरीकडे खेळ चालवणारे लोक मात्र जगभर या प्रवृत्तीच्या मागे हात धुऊन लागलेले दिसतात. प्रो कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचा नाही तर बाहेर बसायचं. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धांत घड्याळ लावलंय: एकूण खेळ २० मिनिटांचा, त्यात तुमच्या विचाराला सगळी मिळून ७ मिनिटं. २०२२ च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये तर स्वतःला बरं करण्याचे रिकव्हरसारखे डाव पूर्वी जास्तीत जास्त १६ वेळा वापरता यायचे, ते ८ वर आणले. आणि आमच्या बाबतीत दिल्लीने तेच केलं. आयकर कायद्यात कलम ४३ बी (एच) घातलं. लहान कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी हिशेबात धरता येणार नाही. २०२४ च्या मार्चअखेरीला याचा पहिला चटका बसणार होता. आमच्या मालकांनी उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग असल्याचं, प्रमाणपत्र फ्रेम करून घेतलं. मला म्हणाले, "आता जा. आता कायदा आपल्या बाजूला आहे."

मी गेलो. जिना चढताना मनातल्या मनात टाँट, टाँट म्हणत होतो. शेठसमोर कलम मांडलं. शेठनी शांतपणे चष्मा पुसला.

"पीस्तालीस दिवस?"

"होय शेठ."

"तो तमारो माल पाछो लई जाव."

ताग्यांचा ढीग हमालांनी टेम्पोत भरून आमच्या दारात आणून टाकला. माल परत आल्याची नोंद झाली, बिल कोरं झालं. एप्रिल उजाडल्यावर तेच तागे त्याच टेम्पोने त्याच गादीवर परत गेले, नव्या तारखेचं नवं बिल घेऊन. भाच्याला हे सांगितलं तर तो हर्षभरित झाला. "मामा, हे तर स्विच आउट! विष चढलेला राक्षस आत घेऊन पुन्हा बाहेर काढला की विषाची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. शेठ खेळतात का?"

शेठना खेळायची गरज नाही. एकदा मी जरा जास्तच वेळ बसून राहिलो, तर ते कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाले (ते मराठी छान बोलतात, अर्धी गिऱ्हाइकं आपलीच), "भाऊ, शिवाजी महाराज सुरतेत दोनदाच आले आणि काय ते घेऊन गेले. तुम्ही दर मंगळवारी येता आणि चहा पिऊन जाता."

मला उत्तर सुचलं ते रात्री, अंथरुणात, नेहमीप्रमाणे. १६६४ च्या जानेवारीत महाराज आले तेव्हा मुघलांचा इनायतखान किल्ल्याची दारं लावून आत बसला होता. पक्का स्टॉल. त्याच्या स्वतःच्या एचपीला धक्का लागला नाही. शहर मात्र चार दिवस लुटलं गेलं. म्हणजे स्टॉल मोडायचा असेल तर किल्ल्याला धडका मारत बसायचं नाही, बाहेर जे आहे ते उचलायचं. हे मी पुढच्या मंगळवारी शेठना ऐकवणार होतो. पुढच्या मंगळवारी शेठ नाथद्वाऱ्याला गेले होते.

तेव्हापासून माझं मत बनलंय की ही चाल काही फार बलवान वगैरे नाही. स्टॉलवाल्याकडे आपल्यापेक्षा एकच गोष्ट जास्त असते: त्याला कुठे जायचं नसतं. आपल्याला साडेसहाची गाडी पकडायची असते, बँक बंद व्हायच्या आत पोचायचं असतं, जेवण निवत असतं. खेळात मी हरलो त्यातल्या बहुतेक झुंजी हरलोच नव्हतो, कंटाळून सोडून दिल्या होत्या. ब्लिसीने मला आजवर जवळपास कधीच मारलेलं नाही.

म्हणून मी पक्ष बदलला. भाच्याकडून स्टॉलची टीम बनवून घेतली. ब्लिसी, स्कार्मरी, टॉक्सापेक्स, डोन्डोझो, सगळं घराणं. आणि सांगतो, इतकी शांत झोप मला लग्नानंतर लागली नव्हती. समोर कोणी तरी जपानात, ब्राझीलमध्ये दात खात बसलेला असायचा आणि मी ढाल धरून, अंडं खाऊन, विष देऊन पुन्हा ढाल. एकाने चॅटमध्ये इंग्रजीत शिवी दिली. मी उत्तर टाइप केलं, "थई जशे."

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या मालकांनीही कुणाचे तरी पैसे द्यायचे असतात, ही बाब मी आतापर्यंत सांगितली नाही, कारण ती कुणी विचारत नाही. आम्ही सूत घेतो. सुताच्या व्यापाऱ्याचा माणूस आमच्याकडे उघराणीला येतो: लिंबायतचा, शिरपूरकडचा, कोवळा पोरगा. तो आला की मालक मागच्या खोलीत जातात, मी त्याला बसवतो आणि चहा मागवतो. त्याच्याशी माझी भाषा अगदी तीच असते. शेठ नाहीत. येतील. होऊन जाईल.

त्या दिवशी तो दुपारपासून बसला होता. मागच्या खोलीत मालक होते, तिथे पंखा बंद होता आणि मे महिना होता. मी सहज मोबाईल काढला. पोराने वाकून पाहिलं.

"काका, तुम्ही स्टॉल खेळता?"

"तू?"

"मीपण."

आम्ही लगेच झुंज लावली. त्याची ब्लिसी, माझी ब्लिसी. त्याने अंडं खाल्लं, मी अंडं खाल्लं. त्याने ढाल धरली, मी ढाल धरली. दोघांच्या टॉक्सापेक्सने एकमेकांना विष द्यायचा प्रयत्न केला, पण त्या जातीला विष बाधत नाही. दोघेही एकेक डाव मोजत होतो. लूम थांबायची वेळ झाली, कारागिरांची पाळी बदलली, चहाचे पेले वाळले. खोलीत आवाज नाही, हालचाल नाही, कुणी "शेठ कधी येणार" म्हणत नाही.

मागे मालकांना वाटलं, गेला एकदाचा. घामाने निथळत, बनियनवर, टॉवेलने मान पुसत ते दार उघडून बाहेर आले आणि थेट पोराच्या समोर उभे राहिले.

पोराने मान वर केली. मोबाईल बाजूला ठेवला, पिशवीतून बिल काढलं आणि फार आदराने म्हणाला, "शेठ, आलात! काका म्हणत होते, तुम्ही येणार आहात."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ब्लिसीकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, कपाटातून चेकबुक काढलं, रकमेचा आकडा पूर्ण लिहिला, अक्षरी लिहिला, दोनदा सही केली.

तारीख मात्र त्यांनी श्रावणातली टाकली.